मंडईतली सकाळ, दोन कॅमेरे

आज सकाळी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गेलो. एका खांद्यावर बाबांचा निकॉन एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा, दुसऱ्यावर माझा डिजिटल. एफएम२ हा १९८२ सालचा मॉडेल. शटर पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला. आजही तो 'खटॅक' आवाज ऐकला की अंगात उत्साह संचारतो.

कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या एका मावशींना विचारलं, "फोटो काढू का?"
"काढ की, पण कोथिंबीर पण येऊ दे हं!"

व्ह्यूफाइंडरच्या मधल्या वर्तुळात त्यांच्या पदराचा काठ दोन तुकड्यांत तुटलेला दिसत होता. फोकसची रिंग हळूहळू फिरवली, काठ जुळला म्हणजे फोकस बसला, बटण दाबलं. रोलमध्ये ३६च फ्रेम, त्यामुळे हात आपोआप थांबतो, नजर जास्त बघते. मग डिजिटलवर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० करून आतल्या अंधाऱ्या गाळ्यांचे भरपूर फोटो काढले. ४०० आयएसओच्या फिल्मवर तिथे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं असतं आणि हात हलून फोटो पुसट आला असता. मावशींना त्यांचा फोटो लगेच स्क्रीनवर दाखवता आला. काय खूश झाल्या!

फिल्म चांगली की डिजिटल, या वादात मला रस नाही. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड छान सांभाळून घेते, डिजिटल सावल्यांमधलं बरंच काही परत मिळवून देतं. मला दोन्ही हवेत.

रोल अजून संपलेला नाही. रविवारी पहाटे पर्वतीवर जातोय, कोणाला यायचं असेल तर कळवा.