पस्तीस अंशांची चाचणी

आज चाचणीकक्षात दुकानांसाठीच्या एका मोठ्या डक्टेबल (नळमार्गांतून थंड हवा पोहोचवणाऱ्या) एसीची चाचणी चालू होती आणि बाहेरच्या बाजूचे तापमान 35 अंशांवर स्थिर झाले, तेव्हा मूळच्या अकोल्याच्या तरुण तंत्रज्ञाने विचारले, "सर, आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर 35 अंश कधी असतात?"

तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही.

आत 27 आणि बाहेर 35 अंश ही प्रमाणित स्थिती आवश्यकच आहे, कारण सर्वांना एकच मापदंड लावल्याखेरीज दोन यंत्रांची तुलना होऊ शकत नाही. खोलीच्या एसींना 2018 पासून सक्तीचे झालेले आयएसईईआर, म्हणजे हंगामभराच्या बदलत्या तापमानांवरून काढलेले वीज-कार्यक्षमतेचे गुणांकन, याच्या पुढे जाते. त्यात 24 ते 43 अंशांदरम्यानचे वर्षाचे 1600 तास धरले जातात. परंतु विदर्भात मे महिन्यात सावलीतलेच तापमान 45 अंशांवर जाते आणि गच्चीवरच्या कंडेन्सरभोवतीची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाभोवतीची) हवा त्याहूनही तापलेली असते. तेथे कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो, थंडावा घटतो आणि वीज मात्र अधिक लागते, नेमकी ग्राहकाला सर्वाधिक गरज असते त्या वेळी.

आंतरराष्ट्रीय मानकांत उष्ण प्रदेशांसाठी 46 अंशांची चाचणी आहेच. मग व्यापारी यंत्रांच्या स्टार लेबलवर त्या चाचणीतल्या कामगिरीचा आकडाही छापणे बंधनकारक का असू नये?