घराचा भाव करताना: आकडा बोलण्याआधी आणि नंतर

मालकाचा आकडा कानावर पडण्याआधी आपला आकडा कागदावर हवा. 1987 मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एकच घर वेगवेगळ्या गटांना दाखवलं, फक्त माहितीपत्रकातली मागणीची किंमत बदलली. मुरलेल्या एजंटांचेही अंदाज त्या किमतीकडे झुकले. तिथे आपली काय कथा!

आपला आकडा काढायचा तो त्याच भागातल्या, साधारण तेवढ्याच वयाच्या तीन-चार घरांवरून. गेल्या सहा महिन्यांत झालेले व्यवहारच धरा, जाहिरातीतले भाव नकोत. किंमत आतल्या, प्रत्यक्ष वापरायच्या क्षेत्रफळाने भागा, मग मजला, उजेड, डागडुजी यांची वजाबेरीज करा.

डागडुजीतच खरी पकड मिळते. ‘घर जुनं आहे’ म्हणून मालक तसूभरही हलत नाही. कंत्राटदाराचा लेखी अंदाज समोर ठेवला की बोलणं सुरू होतं. वरच्या बाथरूमखालचं छत, खिडकीच्या खालची भिंत आणि बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटांची मागची बाजू बघा. बाकी घर जुन्या रंगात आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर आत ओल असू शकते. जमल्यास पावसानंतर पुन्हा एक फेरी मारा.

आता बोली. समजा मागणी 100 आणि तुमची कमाल 95. 90 ने सुरुवात केलीत तर ‘चला, मधलं धरू’ म्हणताच 95 होतात, म्हणजे हातात काहीच उरत नाही. म्हणून 86 ने सुरू करा, मग 90, 92, 93. प्रत्येक वाढ आधीच्यापेक्षा लहान ठेवली की तळ जवळ आला हे समोरच्याला न सांगता कळतं. मात्र समोरून उत्तर आल्याशिवाय लागोपाठ दोनदा वाढवू नका. ती स्वतःशीच केलेली घासाघीस. कमाल आकडा एजंटलाही सांगायचा नाही. त्याचं कमिशन व्यवहार होण्यावर अवलंबून असतं, तुम्ही किती वाचवलेत यावर नाही.

मालक अडून बसला तर किंमत बाजूला ठेवा आणि त्याला नक्की कशाची घाई आहे ते विचारा. त्याला ताबा उशिरा द्यायचा असेल आणि तुम्हाला चालत असेल तर ती सवलत फुकट देऊ नका. बदल्यात पंखे, कपाटं मागा किंवा घराची थकबाकी त्यालाच भरायला सांगा, आणि जे ठरेल ते एकेक वस्तूसकट लिहून घ्या.

टोकन देताना एक अट विसरली तर सगळं मुसळ केरात जाऊ शकतं. बँक सहसा ठरलेली किंमत आणि तिचं स्वतःचं मूल्यांकन यांतल्या कमी रकमेवर कर्ज देते. 93 ला व्यवहार ठरला, मूल्यांकन 88 आलं आणि कर्ज 80 टक्के असेल, तर 74.4 ऐवजी 70.4 हाती येतात. वरचे 4 खिशातून. म्हणून कर्ज नामंजूर झालं किंवा मूल्यांकन कमी आलं तर टोकन परत मिळेल, हे पावतीवरच तारखेसह लिहून घ्या.