खोकं गप्प बसलं तरी फोन वाजला पाहिजे

घरच्या फायलींचा रोजचा बॅकअप लावून झाला तेव्हा वाटलं होतं, आता तो नीट झाला की नाही याचं फोनवर नोटिफिकेशन आलं की झालं, अर्ध्या तासाचं काम. चार आठवडे गेले त्यात.

आधी मांडणी. टीव्हीच्या कपाटात राउटरशेजारी रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर), सिस्टिम ३२ जीबीच्या कार्डावर. त्याला दोन डिस्का. एक कामाची, तिच्यात घरातले फोन आणि लॅपटॉप दिवसभर फायली टाकतात. दुसरी २ टीबीची, फक्त बॅकअपला. रोज रात्री अडीचला आरसिंक हा फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम पहिलीवरचं दुसरीवर उतरवतं. त्यात आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं आहेत, सोसायटीचे हिशेब आहेत आणि २०१५च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेले माझे फोटो आहेत. ते पुन्हा काढता येणार नाहीत. घरात या सगळ्याला 'खोकं' म्हणतात.

निरोपासाठी एनटीएफवाय घेतलं (उच्चार नोटिफाय), फोनवर नोटिफिकेशन पोचवणारी सेवा. ॲप टाकायचं, एका टॉपिकला, म्हणजे निरोपांच्या चॅनलला, सबस्क्राइब करायचं आणि बॅकअपच्या स्क्रिप्टच्या शेवटी कर्लची (नेटवर निरोप धाडणारी कमांड) एक ओळ, बस. खातंसुद्धा लागत नाही. पण म्हणूनच टॉपिकचं नाव हाच पासवर्ड. मी आधी शहराचं नाव आणि पुढे 'बॅकअप' असं ठेवलं होतं. ज्याला ते सुचेल तो माझे निरोप वाचणार, वर स्वतःचेही पाठवणार. मग वीस अक्षरांचं अगडबंब नाव केलं.

पहिल्याच रात्री टुंग वाजलं. बायको उठून बसली. "अहो, अडीच वाजता कोण मेसेज करतंय तुम्हाला?" खरं उत्तर दिलं तरी ते खोटंच वाटलं असतं. प्रायॉरिटी १ ते ५ अशी असते आणि काही न सांगता पाठवलं तर ३ धरतात. 'ठीक'चा निरोप आता १ने जातो, आवाज नाही. बिघाडाचा ५ने.

आणखी एक गंमत. हौसेने पूर्ण लॉग मराठी मथळ्यांसकट पाठवायला गेलो, तर फोनवर मजकुराऐवजी टेक्स्ट फाइल जोडून आली. निरोपाची मर्यादा ४०९६ बाइटची आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणून लॉगच्या फक्त शेवटच्या तीन ओळी घ्यायच्या ठरवल्या. आरसिंकचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला) टेलला दिलं, ती फक्त शेवटच्या ओळी ठेवते. इथेच घात झाला.

एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, लाइट गेली, आली. खोकं चालू झालं, पण बॅकअपची डिस्क उठलीच नाही. माउंटच्या (डिस्क एका फोल्डरच्या जागी जोडायच्या) ओळीत मीच 'नोफेल' लिहून ठेवलेलं, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडवू नकोस. त्यामुळे तिच्या जागी एक रिकामं फोल्डर राहिलं, तेही कार्डावर. रात्री आरसिंकने इमानेइतबारे सगळा डोंगर त्या फोल्डरमध्ये ओतायला घेतला. कार्ड भरलं, आरसिंक ओरडून मेलं. पण पाइप असली की शेलला (कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) फक्त शेवटच्या कमांडचा निकाल कळतो, आणि टेलचं काम तर चोख झालेलं. निकाल शून्य, म्हणजे सगळं ठीक! फोनवर हिरवी टिकली आणि 'बॅकअप ठीक'. असं पाच रात्री. खालच्या तीन ओळींत आकडे नव्हते, नुसती फायलींची नावं होती. टिकली दिसल्यावर खाली कोण वाचतंय?

सहाव्या दिवशी अपडेट करायला गेलो तेव्हा जागाच नाही. कार्ड १०० टक्के. ते साफ करताना मात्र घाई केली नाही. डिस्क पुन्हा जोडली गेली असती आणि त्याच नावाचं फोल्डर मी रिकामं केलं असतं, तर खरा बॅकअप उडाला असता. वायर आधी काढून बाजूला ठेवली, मग डिलीट.

आता स्क्रिप्टच्या डोक्यावर पाइपफेल आहे, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी निकाल फसलाच धरायचा. डिस्क खरंच माउंट आहे का हे आधी तपासलं जातं, नसेल तर तिथेच थांबून प्रायॉरिटी ५. डिस्क काढलेली असतानाच त्या रिकाम्या फोल्डरला इम्युटेबल (बदलता न येणारं) करून टाकलं, म्हणजे रूटलाही, सगळे अधिकार असलेल्या युजरलाही, तिथे लिहिता येत नाही. आरसिंकचा २४ हा कोड (कॉपी चालू असताना फाइल गायब झाली) बिघाडात धरत नाही, नाहीतर आईने रात्री काही खोडलं की माझी झोप उडायची. आणि निरोपात टिकली नाही, आकडे: किती फायली, किती जीबी, किती जागा शिल्लक.

उरला खरा प्रश्न. खोकंच बंद असेल तर बिघाडाचा निरोप पाठवणार कोण? तो पहारेकरी घराबाहेरच हवा. हेल्थचेक्स डॉट आयओवर एक चेक उघडला. बॅकअप नीट संपला की स्क्रिप्ट तिथला एक पत्ता ठोठावते. नाही ठोठावला तर तिकडून एनटीएफवायवर बोंब. ठोठावण्याचा कालावधी एक दिवस, उशिराला सवलत चार तास. लाइट नेमकी अडीचला नसेल तर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) ती पाळी सोडूनच देतो, म्हणून त्याऐवजी सिस्टिमडीचा (लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) टायमर लावला, पर्सिस्टंट करून. चुकलेली पाळी तो बूट झाल्यावर भरून काढतो. फक्त तेव्हा राउटर अजून उठत असतो, म्हणून निरोपाआधी नेट येईपर्यंत थांबायला लावलंय.

परवा शनिवारी रात्री मुद्दाम खोकं बंद करून झोपलो, घरात कुणाला न सांगता. आदल्या रात्रीची नोंद २:४०ची. रविवारी सकाळी मित्रांबरोबर मिसळीला गेलो होतो, तर्री वाढून घेत होतो आणि ६:४०ला खिशात फोन खणखणला. दोनच मिनिटांत बायकोचा फोन. निरोप तिच्याही मोबाइलवर लावलाय हे मी विसरलोच होतो.

"अहो, ते खोकं बंद पडलंय म्हणे. मी चालू करू का, की परत तुमचंच काहीतरी चाललंय?"