आधी डोकी मोजा, मग पत्ते पिसा

पत्त्यांचा कॅट बाहेर निघाला की कुणीतरी विचारतं, "काय खेळायचं?" त्याआधी विचारायला हवं, "किती जण आहोत?" तिघं असतील तर पाच-तीन-दोन, चौघं असतील तर मेंढीकोट, पाच ते सात असतील तर बदाम सात किंवा झब्बू, आणि त्याहून जास्त असतील तर दोन कॅट काढा. सात जणांत मेंढीकोट रेटायला गेलात तर तिघं मोबाईल बघत बसतात आणि तिघांत झब्बू खेळलात तर डाव संपता संपत नाही.

दुसरं काम म्हणजे कॅट मोजणं. चार रंगांचे चार ढीग करायचे: बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. प्रत्येकात १३ पानं हवीत. एखादं पान हरवलं असेल तर जोकरवर पेनाने मोठं लिहा, "चौकट छक्की", आणि खेळा. पाठ सारखीच असल्याने काही बिघडत नाही. पावसाळ्यात कागदी पानं दमट होऊन चिकटतात, वाटताना एकाला चुकून दोन जातात आणि शेवटी कुणाच्या तरी हातात १४ निघतात. तळहाताला चिमूटभर टाल्कम पावडर लावून पिसलं की पानं सुटी होतात. प्लास्टिकची पानं ओल्या फडक्याने पुसता येतात, म्हणून चिवड्याची बशी शेजारी असेल तर तीच काढा. कागदी बदामाच्या राणीच्या पाठीवर तेलाचा डाग पडला की पुढची पाच वर्षं ती सगळ्यांना पाठीवरूनच ओळखू येते.

आता मेंढीकोट. यावर जरा थांबणार आहे, कारण सगळ्यांना तो येतो असं सगळ्यांना वाटतं.

समोरासमोर बसलेले दोघं भिडू, प्रत्येकाला १३ पानं. एक्का सगळ्यात मोठा, दुर्री सगळ्यात लहान. चौघांनी एक-एक पान टाकलं की एक हात, तो सगळ्यात मोठं पान टाकणाऱ्याचा; त्यातलं पहिलं पान म्हणजे उतारी. मेंढी म्हणजे दश्शी. चारपैकी तीन किंवा चार दश्श्या ज्या जोडीच्या हातांत गेल्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर १३ पैकी ७ किंवा जास्त हात करणारी जोडी जिंकते. चारही दश्श्या घेतल्या तर मेंढीकोट, आणि तेराच्या तेरा हात केले तर बावन्न पानी कोट. ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकावं लागतं. नसेल तरच हुकमाने (बाकी सगळ्या रंगांवर भारी ठरणाऱ्या रंगाने) कापता येतं किंवा दुसरं काही टाकता येतं.

हुकूम ठरवायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांनी खेळ बराच बदलतो. कट हुकमात सुरुवातीला हुकूमच नसतो. पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम होतो. बंद हुकमात एक जण आपल्यातलं एक पान उपडं ठेवतो, आणि ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही तो "हुकूम उघडा" म्हणतो. इथे एक गोष्ट आधीच बोलून घ्या: ज्याने उघडायला लावला त्याच्याकडे हुकूम असेल तर त्याने कापलंच पाहिजे का? "हो" ठरवलेलं बरं. नाहीतर लोक नुसती माहिती काढायला हुकूम उघडायला लावतात आणि भलतंच पान टाकून मोकळे होतात. बंद हुकूम ठेवणाऱ्याने त्या रंगाची निदान चार पानं हातात असताना ठेवावा. त्या रंगाचं एकच पान असेल आणि तेच उपडं पडलं असेल, तर त्याच रंगाची उतारी आली की हुकूम आपोआप उघडा पडतो आणि लपवण्याचा फायदा शून्य.

दश्शी वाचवणं इतकं अवघड का, तर तिच्या वर चार पानं आहेत: एक्का, राजा, राणी, गुलाम. एका रंगाची १३ पानं चार हातांत विभागली तर सरासरी सव्वातीन येतात. म्हणजे एखादा रंग तिसऱ्यांदा उतरतो तेव्हा कुणाकडे तरी तो संपलेला असण्याची शक्यता चांगलीच असते आणि तो कापतो. म्हणून दश्शीबरोबर त्या रंगाचं एकच छोटं पान असेल (दश्शी आणि तिर्री, समजा), तर ती धोक्यात आहे असं धरा. पहिल्या उतारीला तिर्री जाईल, दुसऱ्या उतारीला दश्शी टाकावीच लागेल, आणि ती कुणाच्या हातात जाईल हे तुमच्या हातात राहणार नाही. भिडूने त्या रंगाचा एक्का उतरला की विचार न करता दश्शी त्यावर टाका. तुमच्यानंतर एकच प्रतिस्पर्धी उरतो आणि पहिल्याच फेरीत त्याच्याकडे तो रंग नसणं क्वचितच घडतं. "पुढच्या वेळी टाकतो" म्हणणाऱ्यांच्या दश्श्या समोरच्यांच्या ढिगात सापडतात.

हुकमाची दश्शी ही वेगळी चीज आहे. तुम्ही चौथे असाल, उतारीचा रंग तुमच्याकडे नसेल आणि आधी कुणी त्याहून मोठ्या हुकमाने कापलं नसेल, तर तिनेच कापा. हातही तुमचा, मेंढीही तुमची. हुकमाच्या दुर्रीने कापून दश्शी मागे ठेवणारे लोक काटकसरी असतील, पण हा डाव काटकसरीचा नाही.

भांडणाचं मुख्य कारण म्हणजे रंग असून न देणं. बहुतेक वेळा ते चुकून होतं, चौकट आणि बदाम दोन्ही लाल असल्याने. उपाय सोपा आहे: हातातली पानं काळा-लाल-काळा-लाल अशी लावा आणि जिंकलेले हात चार-चार पानांचे आडवे-उभे रचा, म्हणजे कुठल्या हातात कुणी काय टाकलं ते परत काढून बघता येतं. दंड म्हणून तो डाव समोरच्या जोडीला देऊन टाकणं मला योग्य वाटतं.

पिसण्याबद्दल एक गंमत. मेंढीकोटमध्ये एकाच रंगाची चार-चार पानं एकत्र गोळा होतात, म्हणून नीट न पिसता वाटलं की ती गठ्ठ्यानेच पुढे येतात. एक-एक पान वाटलं तर असा गठ्ठा चौघांत सारखा विभागतो आणि सगळ्यांचे हात मिळमिळीत होतात. पाच-चार-चार अशा गठ्ठ्यांनी वाटलं तर कुणाला सात किलवर, कुणाला एकही नाही, असं होतं आणि डावाला मजा येते. खरोखर नीट मिसळायचं असेल तर अर्धा-अर्धा कॅट दोन हातांत घेऊन फर्रर्र करून एकमेकांत सोडायचं ते पिसणं सात वेळा करा. हा सातचा आकडा बेयर आणि डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ साली मांडला. घरोघरी चालतं तसं गठ्ठे वर-खाली करणं त्यापुढे फारच कमकुवत.

सहा जण असतील तर चारही दुर्र्या काढून ४८ पानं ठेवा, प्रत्येकी आठ, आणि दोन्ही संघांचे भिडू एकाआड एक बसवा. इथे एक खाच आहे: हात आठच असल्याने दश्श्या दोन-दोन आणि हात चार-चार अशी बरोबरी होऊ शकते. शेवटचा हात ज्यांचा, डाव त्यांचा, असं आधीच ठरवून टाका.

तिघांसाठी पाच-तीन-दोन. यात ३० पानं लागतात: एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत सगळी (ती झाली २८), शिवाय बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती. प्रत्येकाला दहा. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, वाटणाऱ्यानंतरच्याने पाच, उरलेल्याने तीन. आधी पाच-पाच पानं वाटायची, पाच हातवाल्याने ती बघून हुकूम बोलायचा, मग उरलेली पाच. पुढच्या डावात पाचवाला वाटतो, म्हणजे पाचचा दोनवर येतो, तीनचा पाचवर जातो आणि दोनचा तीनवर. तीन डावांत प्रत्येकाच्या वाट्याला सगळं येतं.

बदाम किंवा इस्पिक हुकूम असेल तर हुकमाची आठ पानं आहेत, चौकट-किलवरला सातच. हे डोक्यात ठेवून मोजा. पहिल्या पाच पानांत एकाच रंगाची तीन असतील तर डोळे झाकून तोच हुकूम. दोन-दोन-एक आले असतील तर ज्या जोडीत एक्का आहे तो रंग बोला. एकटा एक्का बघून हुकूम बोलणं ही नवख्यांची ठरलेली चूक. तो एक्का हुकूम नसतानाही बहुधा हात करतोच, मग त्याच्यावर हुकूम कशाला उधळायचा?

खरा खेळ पुढच्या डावात असतो, ओढण्यात. ज्याने जास्त हात केले त्याने, ज्याला कमी पडले त्याच्याकडून तितकी पानं न बघता ओढायची, आणि प्रत्येक पानाबदली आपल्यातलं नको ते पान परत द्यायचं. एकूण हात दहाच असल्याने जास्तीचे आणि कमीचे आकडे नेहमी सारखेच येतात. पाचवाल्याने सात केले, तीनवाल्याने दोन, दोनवाल्याने एक, तर पाचवाला दोघांकडूनही एक-एक ओढणार. ओढणं कधी करायचं यावर मतभेद आहेत. सगळी दहा पानं हातात आल्यावर आणि हुकूम बोलल्यावर करा, म्हणजे मिळालेल्या पानावर हुकूम बदलण्याचा मोह होत नाही. ज्याच्याकडून ओढणार त्याला पानं एकदा पिसून पंख्यासारखी धरू द्या, नाहीतर एक्के नेहमी डाव्या टोकाला लावण्याची सवय त्याला महागात पडते. लहान मुलं असतील तर एका डावात दोनपेक्षा जास्त पानं ओढायची नाहीत अशी मर्यादा घाला. तीन डाव सलग एक्के गमावलेलं दहा वर्षांचं पोर चौथ्या डावाला बसत नाही.

बदाम सात सगळ्यांना येतो, म्हणून मोजकंच. ५२ पानं सगळी वाटायची. पाच जणांत दोघांना एक-एक जास्त जातं, सहा जणांत चौघांना, सात जणांत तिघांना. वाटणारा दरवेळी पुढे सरकला की हे जास्तीचं ओझं आपोआप फिरतं. बदाम सत्ती असलेला सुरू करतो. मग तिच्या वर अठ्ठी, खाली छक्की, किंवा दुसऱ्या रंगाची सत्ती. पान असताना "पास" म्हणायचं नाही. हा नियम न पाळणं हाच या डावातला सगळ्यात मोठा घोळ, म्हणून डाव संपल्यावर सगळ्यांनी उरलेली पानं उघडी करावीत. गुण म्हणजे उरलेल्या पानांची बेरीज: एक्का १, गुलाम ११, राणी १२, राजा १३.

सत्ती अडवून ठेवायची की सोडायची, हे तुमच्या हातातल्या टोकाच्या पानांवर अवलंबून आहे. इस्पिक सत्तीबरोबर इस्पिकचा राजा किंवा एक्काही तुमच्याकडेच असेल तर ती लगेच सोडा, कारण राजाला जागा व्हायला आधी पाच पानं लागायची आहेत. फक्त सत्ती आणि अठ्ठी असेल तर खुशाल अडवा, खेळायला दुसरं पान आहे तोपर्यंत. आठ-दहा जण असतील तर दोन कॅट एकत्र करा: १०४ पानं, आठ जणांना बरोबर १३. दुसऱ्या सत्तीने त्याच रंगाची नवी रांग सुरू होते. जागा पुरत नाही, म्हणून सत्ती आडवी आणि बाकीची पानं एकमेकांवर सरकवून ठेवा.

झब्बू मेंढीकोटच्या उलटा आहे: पानं संपवायची आणि शेवटी ज्याच्या हातात उरतील तो हरतो. इस्पिकचा एक्का असलेला त्यानेच सुरुवात करतो. सगळ्यांनी रंग दिला तर ती पानं बाद, आणि ज्याचं मोठं त्याची पुढची उतारी. एखाद्याकडे रंग नसेल तर तो कुठलंही पान टाकून झब्बू देतो आणि त्या रंगाचं सगळ्यात मोठं पान ज्याचं होतं तो आतापर्यंत पडलेली सगळी पानं उचलतो. त्यामुळे मोठी पानं सुरुवातीला घालवायची. चौघांत एखाद्या रंगाची पहिली फेरी सहसा सुखरूप जाते. सहा जणांत प्रत्येकाला तो रंग सरासरी दोनच येतो, तेव्हा दुसऱ्या फेरीतच झब्बू बसतो. दुर्री-तिर्री शेवटासाठी जपा, आणि झब्बू देताना हातातलं सगळ्यात मोठं, अडचणीचं पान द्या.

या डावात हमखास अडतं ते एकाच ठिकाणी. कुणी शेवटचं पान टाकलं, सगळ्यांनी रंग दिला आणि तेच पान मोठं ठरलं. आता उतारी त्याची, पण हातात काही नाही. काही घरांत तो सुटला असं धरतात आणि शेजारचा उतरतो. काही घरांत तो बाद ढिगातून न बघता एक पान उचलतो आणि ते उतरतो. दुसरी पद्धत जास्त निर्दय आहे आणि म्हणून जास्त चांगली, कारण मग शेवटचं पान मोठं न राखण्याची अक्कल सगळ्यांना येते. ढीग मात्र दरवेळी उपडाच ठेवा. तो चाळायला दिला तर कुणाकडे किती राजे उरलेत ते मोजणारा एक तरी निघतोच.