वाकड्या रेकॉर्डी, क्लॅम्प अन् सायकलच्या ट्यूबचा वॉशर

विदर्भातला उन्हाळा अन् रेकॉर्डी यांचं काही जमत नाही राजेहो. मे महिन्यात बाहेर 45-46 डिग्री, टिनाच्या खोलीत माळ्यावर त्याच्याहून जास्त, अन् एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, शेवटी पीव्हीसीचीच, प्लास्टिकची. तिरप्या टेकवून ठेवल्या किंवा एकीवर एक ढीग घातला की आपल्याच वजनानं हळूहळू वाकत जातात. आमच्या मोर्शी-वरूडकडे पहिले लग्नात भोंगे लावणारे लोक होते, त्यांच्या घरी अजूनही पेट्या पडून आहेत, त्यातल्या काही फिरत फिरत माझ्याकडे येतात अन् आणणाऱ्याचा प्रश्न ठरलेला, "भाऊ, ते मधात दाबायचं असते ना, ते लावलं की सरळ होते का?"

ते म्हणजे क्लॅम्प. होते सरळ, पण रेकॉर्ड कशी वाकली अन् तुम्ही क्लॅम्प कसा लावता त्यावर सगळं आहे.

वजन अन् क्लॅम्प ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानदार लोक सरसकट दोन्हीला क्लॅम्प म्हणतात. वजन म्हणजे पितळेचा किंवा स्टीलचा नुसता गट्टू, स्पिंडलवर, म्हणजे रेकॉर्डच्या भोकातून वर येणाऱ्या मधल्या दांडीवर ठेवायचा अन् मोकळं व्हायचं. क्लॅम्प स्पिंडलला पकडतो, वरची चकती फिरवली की आतली पकड आवळते, म्हणजे जोर स्पिंडल अन् रेकॉर्डच्या मधात राहतो, रेकॉर्ड जिच्यावर फिरते त्या थाळीच्या, म्हणजे प्लॅटरच्या बेअरिंगवर फालतू भार येत नाही. ज्यांच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टासारखा पेटीवाला प्लेअर आहे त्यांनी तर ह्या दोन्हीच्या नादीच लागू नये, त्याचा प्लॅटर लहान अन् मोटर गरीब, अर्धा किलोचा गट्टू ठेवला तर स्पीड बसते. लिन सोंडेकसारख्या स्प्रिंगवर तरंगणाऱ्या टर्नटेबललाही जड वजन चालत नाही, सगळं खाली बसते अन् मग स्प्रिंगा परत सेट करत बसा.

आता मुद्द्याचं. बहुतेक वाकलेली रेकॉर्ड एका बाजूनं घुमट असते अन् पालटली की वाटी. घुमटाच्या बाजूनं ठेवली तर कड प्लॅटरला टेकलेली, मधला भाग वर. इथं क्लॅम्प नुसता लावा, मधून दाबला की झालं. पण तीच रेकॉर्ड पालटली की लेबल खाली टेकते अन् कड हवेत राहते, आता मधात कितीही आवळा, कड काही खाली येत नाही, उलट खाली नरम रबराची मॅट असली तर मधला भाग मॅटमध्ये रुततो अन् कड अजून वर उठते. लोक म्हणतात क्लॅम्प बेकार आहे. क्लॅम्प बेकार नाही, खाली वॉशर नाही.

स्पिंडलमध्ये आधी एक छोटा वॉशर टाकायचा, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, एक-दीड मिलीमीटर जाड, अन् त्यावर रेकॉर्ड. चामड्याचा चालते, फेल्टचा चालते, मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापतो, एका ट्यूबमध्ये गावाला पुरतील इतके निघतात. मधला भाग आता थोडा उचललेला, अन् क्लॅम्प दाबतो लेबलच्या बाहेरच्या भागावर, त्यामुळे रेकॉर्ड वॉशरवरून खाली वाकते अन् कड प्लॅटरला जाऊन टेकते. हे व्हायला क्लॅम्पचं बूड मधून पोकळ पाहिजे, फक्त गोल काठानं दाबणारं. सपाट बुडाचा घेतला असेल तर वॉशर टाकून काही उपयोग नाही.

म्हणजे एकाच रेकॉर्डच्या एका बाजूला वॉशर अन् दुसऱ्या बाजूला बिगर वॉशर. कंटाळवाणं आहे, पण तसंच आहे.

मागं एक काकाजी भीमसेन जोशींच्या अभंगांची एलपी घेऊन आले, वाटी झालेली, सुईचा आर्म असा वरखाली होत होता जशी पांदणीतून बंडी चालली. वॉशर टाकला, टॉर्च आडवी धरली अन् कडेच्या खालून उजेड कुठं दिसते ते पाहत पाहत चकती फिरवली. उजेडाची फट बारीक होत गेली, मग एका जागी राहिली, मग तीही गेली. मी थांबलो तर काकाजी म्हणे, "कस ना अजून, काहून भेतं?" मी म्हटलं काकाजी, फट मिटली की काम झालं, याच्या पुढं कसलं तर फुकटचा ताण. टॉर्च नसली तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद कडेखाली सरकवून पाहा, चारही बाजूनं अडकला की टेकली समजा. जोर बोटांचाच, मनगटाचा नाही.

लावताना प्लॅटर थांबलेला पाहिजे. एका हातानं क्लॅम्पचं अंग धरा अन् दुसऱ्यानं चकती फिरवा, नाहीतर सगळा पीळ बेअरिंगला. काढतानाही आधी पूर्ण सैल करा, तसाच ओढला तर काही टर्नटेबलवर प्लॅटरच वर येते. अन् आवाज लावायच्या आधी मोटर बंद ठेवून आर्म हातानं शेवटच्या खाचेपर्यंत नेऊन पाहा, रुंद क्लॅम्पला हेडशेल, म्हणजे आर्मचं सुईवालं टोक, घासते कधीकधी.

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना क्लॅम्प नाहीच. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर घेतात तीच लाख. दाबली की तबकडी वाकत नाही, तडकते. तसंच ज्या एलपीची कड एका ठिकाणीच लाटेसारखी उचललेली आहे तिला मधला क्लॅम्प पुरत नाही, तिला बाहेरून बसणारी रिंग लागते अन् ती महाग असते, मी घेतलेली नाही. दोन काचांत दाबून उन्हात ठेवायचा प्रयोग आमच्याकडे लय लोक करतात, रेकॉर्ड सपाट होते पण जास्त तापली की खाचाही नरम पडतात अन् मग सपाट झालेल्या रेकॉर्डमधून खरखर ऐका.

स्पीड पाहायची तर आपल्या 50 हर्ट्झच्या लाइनवर एलपीच्या मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी 180 ठिपक्यांची पट्टी लागते, स्पीड बरोबर असली की फिरतानाही ठिपके थांबलेले दिसतात. एलईडी बल्बखाली बरेचदा ठिपके थांबलेले दिसतच नाहीत, चोकवाली जुनी ट्यूबलाइट असेल तर तिच्याखाली पाहा. क्लॅम्प लावून अन् काढून दोन्ही वेळा पाहा, फरक पडला तर बेल्ट ढिला झाला असेल.

क्लॅम्पनं आवाज खुलते, बेस घट्ट होते असं लोक लिहितात. वाकड्या रेकॉर्डवर पटते, सुई खाचेत नीट चालायला लागली की सूर डुलत नाहीत. सरळ रेकॉर्डवर मला तरी फारसा फरक ऐकू आला नाही. तेवढे पैसे असतील तर पहिले सुई बदला, भोंगेवाल्यांच्या पेटीतल्या रेकॉर्डी धुवा, मग क्लॅम्पचं पाहू.