तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी ॲव्हरेज का देत नाही?

"ताई, गाडी ॲव्हरेजच देत नाही हो. काय करू?" लिफ्टमध्ये, गेटवर, परवा तर हळदीकुंकवाला गेले असताना हा प्रश्न आला. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात एक वही आहे आणि गाडी घेतल्यापासूनची प्रत्येक टाकी तिच्यात लिहिलेली आहे, हे मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आता सगळ्यांना माहीत झालंय. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी मीच विचारते, किती देते? "दहा-बारा असेल" या उत्तरावर पुढे काही बोलता येत नाही. काट्याशेजारी दिसणारा आकडा हा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो आणि बऱ्याचदा तो खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, "राउंड फिगर करू का" याला नाही म्हणायचं. किलोमीटर लिहायचे. अडीचशे-तीनशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. चाललेले किलोमीटर भागिले आत गेलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्या लिहा.

दुसरं, तुलना कशाशी करताय? जाहिरातीतला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. तिथे गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाने चालवतात, आणि ही चाचणी एसी बंद ठेवून होत आली आहे. तिथे आमच्या मुलुंडच्या एलबीएस मार्गासारखी कोंडी नसते. मुलुंडहून परळपर्यंतचे पंचवीस किलोमीटर धरा. गाडी चालताना १५ चं ॲव्हरेज देते, म्हणजे १.६७ लिटर. पण त्यात चाळीस मिनिटं सिग्नलला आणि मेट्रोच्या पत्र्यांशेजारी एसी लावून उभी असेल, तर लहान पेट्रोल गाडीसुद्धा उभ्या उभ्या साधारण ०.६ लिटर पिते. झालं ११. गाडीत काहीही बिघाड नसताना. म्हणून तुलना आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी, त्याच रस्त्यावरच्या. वही लागते ती याचसाठी.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. प्रत्येक कारणाला स्वतःचं माप असतं. ॲव्हरेज किती पडलं ते बघा आणि तुमचा संशय तेवढा मोठा आहे का ते ताडून पाहा. टायरमध्ये ३३ ऐवजी २५ पीएसआय हवा असेल तर दोन-तीन टक्के जातील. हवा तरी भराच, टायर आणि ब्रेकिंग दोन्हीसाठी, आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली भरा. एअर फिल्टर मळला तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पिकअप मरतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलबद्दल सगळेच विचारतात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. दहा टक्क्यांचं मिश्रण वीस टक्क्यांवर गेलं की हिशोबाने तीन-चार टक्के कमी होतात, इंजिनच्या ट्यूनिंगप्रमाणे थोडं इकडेतिकडे. साडेतेराचे तेरा होतील. दहा होणार नाहीत. पंपाचा संशय असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे आणि मागण्याचा हक्क आपला आहे.

आमचं काय झालं ते सांगते. वर्षानुवर्षं साडेतेराच्या आसपास देणारी गाडी पावसाळा संपता संपता २८७ किलोमीटरला २८.९ लिटर प्यायली. ९.९३. महिन्याला आमचे नऊशे किलोमीटर होतात, सासूबाईंच्या तपासण्या आणि मुलीचे क्लास धरून. म्हणजे महिन्याला चोवीस लिटर जास्त, आणि मुंबईत पेट्रोल लिटरला शंभरच्या वर. मी घाबरून एका सर्व्हिस सेंटरला गाडी दिली. इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, नवे स्पार्क प्लग. साडेसात हजारांचं बिल झालं. पुढची टाकी १०.१.

मग वही घेऊन बसले. ट्रॅफिक? रस्ता तोच, खोदकाम पावसाळ्याआधीही होतंच. हवा? आठवड्यापूर्वीच भरलेली. चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता. इंजिन थंडच राहत असेल, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, तरी जास्त पेट्रोल जातं. पण तापमानाचा काटा दहा मिनिटांत मध्यावर येत होता. आमची घट होती सव्वीस टक्क्यांच्या पुढे. एवढं मोठं काय असू शकतं? गाडीला सतत कुणीतरी मागे ओढत असेल तरच.

रविवारी सकाळी सहाला पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीपर्यंत गेलो. ब्रेक होईल तितका कमी लावला आणि सर्व्हिस रोडला उतरून गाडी जवळजवळ आपोआप थांबू दिली. एरवी घरंगळत जाते, त्या दिवशी लगेच जड झाली. उतरून चारही चाकांजवळ तळहात नेला. हात लावायचा नाही, भाजतं. तीन चाकं कोमट. पुढच्या डाव्या चाकातून धग येत होती आणि जळकट वास.

नाक्यावरच्या गॅरेजमध्ये जॅक लावला. ते चाक हाताने फिरेना. मेकॅनिकने कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडून दाखवला. तो ज्यावर पुढेमागे सरकतो त्या स्लाइडिंग पिनचं रबर फाटलेलं, आत पाणी जाऊन पिन गंजलेली. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच होता. आमचं पार्किंग उघड्यावर, जुलैत तिथे पाणी साचतं. नव्या पिना, रबर, ग्रीस, दोन्ही बाजूंचे पॅड, सगळं तीन हजारांच्या आत झालं. पुढची टाकी ३७२ किलोमीटरला २८.२ लिटर, १३.१९. उरलेला फरक मी इथेनॉलच्या खात्यावर लिहिला.

म्हणून पावसाळ्यानंतर ॲव्हरेज एकदम पडलं असेल तर इंजिनवर खर्च करायच्या आधी चारही चाकं उचलून फिरवून बघायला सांगा. मागे ड्रम ब्रेक असतील तर हँडब्रेक ओढून चार-चार दिवस उभी ठेवल्याने तेही चिकटतात.

माझा जीव पेट्रोलपेक्षा वेगळ्याच गोष्टीसाठी खालीवर झाला होता. दिवाळीत आम्ही त्याच गाडीने कशेडी घाटाच्या वाटेने चिपळूणला जाणार होतो. चिकटलेला ब्रेक उतारावर तापत राहिला तर ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल पोकळ जातं. मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलगी बसणार होत्या.