शेवटचा पेपर
आज बी. ए.चा शेवटचा पेपर दिला. वयाच्या अडतिसाव्या वर्षी! परतताना गंगापूर रोडला रिक्षात डोळे भरून आले, ते पेपरमुळे नाही, माणसांमुळे.

१९८९ पासून आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणतंय. माझ्या घरी ती आली अभ्यासकेंद्रातल्या चार-पाच जणांच्या हातून. आठवडाभर कॉलेजात शिकवून हे सर-मॅडम रविवारी पुन्हा आमच्यासाठी उभे. कधी वर्गात बाराजण, कधी आम्ही तिघीच. तिघींसाठीही मॅडमनी तास पूर्ण घेतला. अर्थशास्त्रातली मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, काही केल्या डोक्यात शिरेना, तर त्यांनी लासलगावचा कांदा काढला. भाव दुप्पट झाला तरी घरात कांदा जवळपास तेवढाच लागतो ना? माझं माहेर लासलगावच्याच निफाड तालुक्यातलं, लगेच समजलं!

आणि केंद्राच्या ऑफिसातले काका. परीक्षेच्या अर्जात माझ्याकडूनच विषयाचा कोड चुकला होता, मुदतीचा शेवटचा दिवस. काकांनी अर्धा राहिलेला डबा झाकून ठेवला, चष्मा पुसला आणि समोर बसवून अख्खा अर्ज पुन्हा भरून घेतला. "ताई, घाबरू नका. पावती तेवढी जपून ठेवा." ती पावती अजून पर्समध्ये आहे.

आज पेपर झाल्यावर पेढे घेऊन केंद्रावर गेले. काका म्हणाले, "अहो, निकाल कुठे लागलाय अजून?" म्हटलं, हे निकालाचे नाहीत काका, तुमचे आहेत.